गावातले जुने वाडे, हेरिटेज यादी आणि मालकाच्या हातात काय?

चौसोपी

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झालाय. गाव कृष्णाकाठचं, सातारा जिल्ह्यातलं, नाव मुद्दाम देत नाही. त्याच्यासोबत एक हेरिटेज यादी आहे, त्यात पेठेतले काही वाडे, घाटावरची देवळं, जुनी शाळा आणि ग्रेड ३ मध्ये आमचा वाडा पण आहे. हरकती-सूचना द्यायची मुदत चालू आहे.

घरात दोन तट पडलेत. वाडा चार चुलत भावंडांच्या नावावर सामाईक. दोघांचं म्हणणं यादीतून नाव काढून घ्या, हरकत नोंदवा, एकदा का हेरिटेज लागलं की खिळा ठोकायलाही परवानगी लागेल आणि बिल्डर फिरकणार नाही. माझं आणि धाकट्या बहिणीचं म्हणणं आहे की वाडा राहिला पाहिजे. दोन चौक आहेत, पुढच्या चौकातले सुरूदार खांब अजून एकदम ठणठणीत आहेत, माजघरावरची तक्तपोशी (लाकडी फळ्यांचं छत) तर नुसती बघत राहावी अशी आहे. पण मागच्या सोप्याची कौलं सरकलीत, पावसाळ्यात बादल्या लावाव्या लागतात, आणि रस्त्याकडच्या दोन गाळ्यांचे भाडेकरू जे भाडं देतात त्यात वर्षाचा कौलं चाळायचा खर्चही निघत नाही.

मला यादी नको असं अजिबात म्हणायचं नाहीये. यादी हवीच, नाहीतर पाच-दहा वर्षांत पेठेत फक्त पार्किंगवरच्या चार मजली इमारती उरतील, शेजारच्या गल्लीत तेच झालंय. पण बंधन घालताना मालकाला काहीतरी द्यायला नको का? मसुद्यात बंधनं चांगली दोन पानं भरून आहेत आणि सवलतींबद्दल एक ओळ आहे. ज्यांना नियमांची माहिती आहे, ज्यांनी यातून वाट काढलीय त्यांनी प्लीज लिहा. आणि सूचना लिहायची तर त्यात नेमकं काय मागायचं?

कडीपाट

चौसोपी ताई, आधी भावंडांची भीती दूर करा. ग्रेड ३ म्हणजे हात लावायचा नाही असं नसतं. ग्रेड १ म्हणजे राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू, तिथे खरंच कडक. ग्रेड २ मध्ये आतले बदल, नवीन वापर हे चालतं, बाहेरचं रूप सांभाळायचं. ग्रेड ३ हा गल्लीचा, पेठेचा चेहरा जपण्यासाठी असतो, त्यात आतून बाहेरून बदल, अगदी त्याच प्लॉटवर मागे नवीन बांधकामसुद्धा होऊ शकतं, फक्त ते मूळ वास्तूला शोभेल असं हवं आणि परवानगी घेऊन. ही सगळी प्रतवारी मुंबईच्या १९९५ च्या हेरिटेज नियमावलीतून आलीय, विकास नियंत्रण नियम ६७. आपल्या देशात एखाद्या शहराने अशी नियमावली करायची ती पहिलीच वेळ, आणि बाकीच्या शहरांनी तोच साचा थोडाफार बदलून उचलला.

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो म्हणून एक सांगतो. तुमच्या मागच्या सोप्याची कौलं सरकलीत म्हणालात ना, तर कौलांपेक्षा कड्यांची, म्हणजे छताच्या आडव्या लाकडांची, टोकं बघा. पाणी भिंतीवरून उतरतं आणि कडी जिथे भिंतीत शिरते तिथे मुरतं. बाहेरून कडी छान दिसते, वाजवली तर आवाजही बरा येतो, पण भिंतीतलं वीतभर टोक भुसा झालेलं असतं आणि बहुतेक वेळा वाळवीही तिथूनच आत आलेली असते. हे बघायला भिंतीची एखादी वीट काढावी लागते. कुजलेलं तेवढंच टोक कापून जुन्या सागाचा तुकडा सांधा करून जोडता येतो, अख्खी कडी बदलायची गरज नसते. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि कृपा करून गळतीवर उपाय म्हणून आतून सिमेंटचा गिलावा मारू नका, मातीत आणि चुन्यात बांधलेली भिंत ओल बाहेर टाकत असते, सिमेंटने ती कोंडली की ओल लाकडात जाते. मी पाहिलेल्या पडक्या वाड्यांपैकी कितीतरी असे "दुरुस्त" केलेले होते.

चौसोपी

@कडीपाट खूप धन्यवाद. भिंतीला सिमेंट दोन ठिकाणी ऑलरेडी लागलंय. काढता येतं का?

कडीपाट

येतं. हळूहळू, छिन्नीने, ब्रेकर लावून नाही. आधी पावसाचं पाणी थांबवा मग भिंत.

गिरगावची_सून

आमच्या मुंबईत काय झालं ते सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल कागदावरचं संरक्षण आणि खरंखुरं यात किती अंतर असतं ते. १९९५ ची नियमावली आली, यादीत सहाशेच्या वर नोंदी, काही एकेकट्या इमारती, काही अख्खे परिसर. हेरिटेज समिती आली. छान. पण दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारती बहुतेक सगळ्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या १९६९ च्या आधीच्या, भाडेकरूंनी भरलेल्या, भाडं कित्येक दशकं १९४० च्या पातळीवर गोठवलेलं, त्यामुळे मालक दुरुस्ती करत नाही, आणि करायची म्हटली तर कुठून करणार तोही प्रश्नच आहे. त्यांच्या पुनर्विकासाला विकास नियंत्रण नियम ३३(७) खाली जादा एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) मिळतो, आता तो ३ आहे. मग १९९९ मध्ये सरकारने नियम बदलला आणि ग्रेड ३ च्या व हेरिटेज परिसरांमधल्या उपकरप्राप्त इमारतींना पाडून बांधायला हेरिटेज समितीची परवानगी लागू नये असं केलं. म्हणजे एका हाताने यादीत घातलं आणि दुसऱ्या हाताने दार उघडं ठेवलं.

गिरगावातली खोताची वाडी बघा. एकेकाळी तिथे ६५ च्या आसपास घरं होती, लाकडी जिने, ओटे, पुढे व्हरांडे, आता त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत. जी टिकलीत ती तिथल्या माणसांच्या हट्टामुळे टिकलीत, नियमामुळे नाही. पाडणाऱ्याला ३ एफएसआय आणि जपणाऱ्याला प्रमाणपत्र, असं असेल तर कोण जपेल हो? माझा सगळा राग ह्याच्यावर आहे. मालकाला दोष देऊन काही होत नाही, गणितच उलटं मांडलेलं आहे.

पेठेतला

पुण्याचं पण लिहितो. महापालिकेच्या यादीत अडीचशेच्या आसपास वास्तू आहेत. विश्रामबागवाडा, नानावाडा असे जे महापालिकेच्या ताब्यात आहेत त्यांची कामं झाली, चांगली झाली, विश्रामबागवाड्याचा दर्शनी लाकडी भाग आज बघण्यासारखा आहे. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधला, १८७९ च्या आगीत बराचसा गेला, तरी पुढचा भाग वाचला. प्रश्न खाजगी वाड्यांचा आहे. १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकडचे किती वाडे एका दिवसात नेले ते जुन्या लोकांना विचारा, आणि जे राहिले ते त्यानंतर एक एक करून गेले, पुरात नाही, "धोकादायक" या नोटिशीत.

ही नोटीस म्हणजे मागचं दार आहे. वाडा मुद्दाम तसाच सोडायचा, कौलं काढून टाकायची, दोन पावसाळे जाऊ द्यायचे, मग स्ट्रक्चरल ऑडिट करायचं आणि धोकादायक म्हणून पाडायची परवानगी मागायची. पडका वाडा भाडेकरूच्या अंगावर पडायला नको हे तर खरंच, माणूस आधी. पण यादीतल्या वास्तूचं ऑडिट कोण करतो? आरसीसीची डिझाइन करणारा इंजिनीअर दगड-विटा-लाकडाकडे बघतो आणि त्याच्या पुस्तकात ते बसत नाही म्हणून निकामी लिहून मोकळा होतो. तुमच्या सूचनेत हे घाला की यादीतल्या इमारतीला पाडायची नोटीस देण्याआधी संवर्धनाचा अनुभव असलेल्या माणसाकडून तपासणी झालीच पाहिजे, आणि तोवर टेकू लावून ती सुरक्षित करायची.

दुसऱ्या_बाजूचा

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. इथे लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना वाड्यात राहावं लागतं? आमच्या कुटुंबाचा वाडा शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आत आहे. २०१० च्या केंद्राच्या कायद्याने १०० मीटरात नवीन बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरात परवानगीने. आमचा वाडा काही हेरिटेज नाही, साधा दीड-दोन मजली, भिंती फुगलेल्या, संडास चौकात, सत्तरीच्या पुढची आई जिना चढउतार करते. बाहेर पडून फ्लॅट घ्यायची आमची ऐपत नाही आणि आहे तो वाडा नवीन बांधता येत नाही. नवऱ्या मुलांना स्थळं येत नाहीत कारण मुलीकडचे येऊन बघून जातात. शनिवारवाडा जपायचा हे मान्यच, आम्हालाही त्याचा अभिमान आहे. पण त्याची किंमत फक्त आजूबाजूच्या शंभर-दोनशे घरांनीच का भरायची, अख्ख्या शहराने का नाही?

गिरगावची_सून

@दुसऱ्या_बाजूचा राग कसला, तुमचं बरोबर आहे. २०१२ मध्ये मुंबईच्या नव्या यादीत शिवाजी पार्कचा परिसर आला तेव्हा तिथले रहिवासी ह्याच भीतीने एकत्र आले होते. जुनी घरं त्यांना नकोशी नव्हती. उद्या सोसायटीला दुरुस्ती करायची, लिफ्ट बसवायची तर कोणाच्या दारात किती वर्षं उभं राहायचं हे कोणी सांगतच नव्हतं.

नगररचनेतला_माजी

मी नगररचना विभागात बरीच वर्षं होतो, आता निवृत्त. दोन वेगळ्या गोष्टी इथे मिसळतायत. शनिवारवाड्याभोवतीचं बंधन केंद्राच्या पुरातत्त्व कायद्याचं, त्यात नगरपालिका काही करू शकत नाही आणि त्यात मालकाला मोबदलाही नाही. चौसोपींच्या गावची यादी मात्र महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ खालची. त्यातल्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात काय काय असावं हे दिलंय, त्यात ऐतिहासिक वास्तू व परिसरांचं जतन येतं. म्हणजे हे सगळं तुमच्या गावच्या आराखड्यातच ठरतं, आणि म्हणूनच हरकती-सूचनांना अर्थ आहे. यात सवलती मागता येतात.

आता मालकाला काय मिळू शकतं ते नीट सांगतो. मुंबईच्या नियमावलीत सुरुवातीपासून तीन गोष्टी आहेत ज्या लोकांना माहितीच नसतात.

एक, टीडीआर. समजा तुमचा प्लॉट ३०० चौरस मीटर, अनुज्ञेय एफएसआय २, म्हणजे ६०० बांधता आलं असतं. वाडा आहे ३५० चा. यादीत आल्यामुळे उरलेले २५० तुम्हाला तिथे बांधता येत नसतील तर तो हक्क टीडीआर म्हणून दुसऱ्या प्लॉटवर नेता येतो, म्हणजे व्यवहारात बिल्डरला विकता येतो. वाडा राहतो, पैसे मिळतात.

दोन, वापरात बदल. मालक इमारत आहे तशी जपायला आणि दुरुस्त ठेवायला तयार असेल तर समितीच्या संमतीने राहत्या जागेचा वापर ऑफिस, दुकान, हॉटेल असा बदलून मिळतो, जिथे एरवी तो मिळाला नसता तिथेही. आणि इमारत नीट ठेवली नाही तर ही परवानगी काढूनही घेता येते. ही शेवटची अट मला फार आवडते कारण सवलत आणि जबाबदारी एकाच दोरीला बांधलीय.

तीन, दुरुस्तीसाठी निधी. नियमात म्हटलंय की असा निधी उभारता येईल. मागितल्याशिवाय कोणी उभारत नाही.

पण चौसोपी, टीडीआरच्या बाबतीत तुमच्या गावासाठी एक गोची आहे. टीडीआर त्याच नगरपालिकेच्या हद्दीत वापरावा लागतो. पुण्यात-मुंबईत तो घेणारा असतो. छोट्या गावात बिल्डरच मोजके, जमीन स्वस्त, आणि डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीने त्यांना नगरपालिकेकडून प्रीमियम भरून जादा एफएसआय घ्यायची सोय करून दिलीय, मग तो तुमच्याकडून टीडीआर का घेईल? प्रमाणपत्र मिळेल आणि कपाटात पडून राहील. म्हणून नुसता टीडीआर दिला की झालं असं मसुद्यात असेल तर ते तुमच्यासाठी जवळपास शून्य आहे हे लिहून द्या. जादा एफएसआय घेणाऱ्याने त्यातला काही हिस्सा आधी हेरिटेज टीडीआरमधून घ्यायचा आणि मगच प्रीमियम भरायचा, अशी अट घातली तर बाजार तयार होतो.

पेठेतला

@नगररचनेतला_माजी हे फारच मोलाचं आहे. अजून एक विचारतो. पेठेतल्या गल्ल्या ९ मीटरपेक्षा अरुंद असतात, तिथे तर टीडीआर किंवा प्रीमियम चढवताच येत नाही ना?

नगररचनेतला_माजी

नाही चढत. आणि हीच गोष्ट चौसोपींनी भावंडांना सांगायला हवी. बिल्डर येतो आणि सात मजल्यांचं चित्र दाखवतो. गल्लीची रुंदी मोजा. ९ मीटरच्या आत असेल तर मूळ एफएसआयच्या वर फारसं काही मिळत नाही, त्यातून बाजूची अंतरं सोडा, पार्किंग द्या, भाडेकरूंना जागा द्या, आणि मग उरलेलं चौघांत वाटा. कितीदा असं होतं की यादीमुळे जे "नुकसान" झालं म्हणतात ते मुळात कधी मिळणारच नव्हतं. आधी एखाद्या तटस्थ आर्किटेक्टकडून हा हिशोब काढून घ्या आणि सगळ्यांसमोर ठेवा.

चौसोपी

काका, हे वाचून दादाला फोन केला. गल्ली मोजायला उद्याच जातोय म्हणाला. आमच्याकडे कोणी हा हिशोब केलाच नव्हता, सगळे बिल्डरच्या कागदावरच बोलत होते.

मेलबर्नी

ऑस्ट्रेलियातून लिहितोय, इथे व्हिक्टोरिया राज्यात हे काम बरंचसं स्थानिक कौन्सिलकडे असतं (राज्य पातळीवरच्या महत्त्वाच्या वास्तू वेगळ्या) म्हणून उपयोगी पडेल. नियोजनाच्या नकाशावर हेरिटेज ओव्हरले नावाचा एक थर असतो. तुमचं घर त्यात असेल तर पाडायला, बाहेरून बदल करायला परमिट लागतं, काही ठिकाणी बाहेरच्या रंगालाही लागतं. पण आतल्या बदलांना सहसा लागत नाही, जिथे आतली गोष्टच महत्त्वाची आहे तिथे तसं परिशिष्टात वेगळं लिहिलेलं असतं. म्हणजे किचन बदला, बाथरूम बदला, कोणी विचारणार नाही.

मला दोन गोष्टी खूप पटल्या. प्रत्येक वास्तूचं किंवा परिसराचं एक लेखी निवेदन असतं की ही जागा महत्त्वाची का आहे आणि तिच्यात नेमकं काय जपायचं. समोरचा व्हरांडा, विटांची धुराडी, छपराचा आकार. त्यामुळे मालकाला आधीच कळतं की कशाला हात लावायचा नाही, आणि अधिकारी बदलला म्हणून उत्तर बदलत नाही. दुसरं म्हणजे बऱ्याच कौन्सिलांकडे हेरिटेज सल्लागार असतो, अर्ज करायच्या आधी त्याला फुकट भेटता येतं. मी ज्या घरात भाड्याने राहतो त्याच्या मालकीणबाईंनी पुढचं लाकडी कुंपण बदललं तेव्हा तो सल्लागार येऊन जुने फोटो दाखवून गेला होता, कोणत्या मापाच्या पट्ट्या, वरचं टोक कसं. बाईंना डिझाइनचा खर्च पडला नाही आणि परमिटही अडकलं नाही.

एकत्र असलेल्या घरांमध्येही प्रतवारी असते, काही स्वतःच महत्त्वाची, काही परिसराला हातभार लावणारी, काही ज्यांचा संबंध नाही अशी. संबंध नसलेली पाडून नवीन बांधता येतात, फक्त उंची आणि ठेवण आजूबाजूला साजेशी हवी. तुमच्या पेठेलाही हे चालेल. @दुसऱ्या_बाजूचा यांच्यासारखं साधं, मोडकळीला आलेलं घर आणि तक्तपोशीचा वाडा यांना एकाच काठीने हाकायचं कारण नाही.

दुसऱ्या_बाजूचा

@मेलबर्नी हेच तर. आम्हाला पंधरा मजली टॉवर नकोय. दोन मजले, पक्क्या भिंती, आत संडास. शनिवारवाड्याच्या बुरुजापेक्षा उंच जायचं नाही हे आम्ही लिहून द्यायला तयार आहोत.

फोंतेनीश_शेजारीण

पणजीहून. आमच्या फोंतेनीश-मळा भागात जुनी पोर्तुगीज काळातली घरं आहेत, संवर्धन क्षेत्रात येतात, पिवळ्या-निळ्या भिंती, ओयस्टर शेलच्या खिडक्या. इथे वेगळाच अनुभव. जागा प्रसिद्ध झाली, रोज फोटो काढणाऱ्यांची झुंबड, लग्नाआधीची शूटिंगं, लोकांनी दारावर फोटो काढू नका अशा पाट्या लावल्यात. कॅफेवाले कमावतात, गाडीवाले कमावतात. घरातली म्हातारी माणसं मात्र भिंतीच्या रंगाचा खर्च स्वतःच करतात. "वाडा जपा म्हणजे पर्यटक येतील आणि पैसे मिळतील" असं कोणी म्हणालं तर विचारा की पैसे नेमके कोणाला मिळतील. पार्किंगचं, शूटिंगचं शुल्क पालिका घेते तर त्यातला भाग त्याच वाडीतल्या घरांच्या दुरुस्तीला गेला पाहिजे, हे लिहून घ्या.

बडोद्याची_मराठी

अहमदाबादला २०१७ मध्ये जागतिक वारसा शहराचा दर्जा मिळाला, भारतातलं पहिलं शहर. तिथल्या पोळांमधल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट गल्ल्यांमधल्या, लाकडी घरांना टीडीआर मिळतो आणि तो खरंच विकला जातो कारण नवीन अहमदाबादमध्ये त्याला मागणी आहे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने त्यातून आलेल्या पैशात छप्पर आणि पाण्याचं टाकं दुरुस्त केलं. पोळांमधल्या घरांखाली पावसाचं पाणी साठवायची टाकी असतात, ती ह्यांनी परत सुरू केली.

पण एक धोका बघितलाय. टीडीआर विकला, पैसे घेतले, आणि घर तसंच ठेवलं असं पण होतं. म्हणून पैसे टप्प्याटप्प्याने सोडायची अट हवी, काही सुरुवातीला, बाकीचे काम झाल्यावर.

पाँडिचेरीला वेगळी पद्धत बघितली होती. वैश्याळ रस्त्यावर तमिळ पद्धतीची घरं आहेत, पुढे थिन्नई म्हणजे आपला ओटाच. तिथे दर्शनी भागाच्या दुरुस्तीला मालकाने निम्मे घालायचे आणि निम्मे योजनेतून, इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेने काम करून द्यायचं. एकाच रस्त्यावरची घरं एकामागून एक झाली म्हणून फरक डोळ्यात भरला. युनेस्कोचं बक्षीसही मिळालं २००८ मध्ये. छोट्या गावाला टीडीआरपेक्षा हे जास्त झेपेल असं मला वाटतं, एक गल्ली घ्यायची आणि तिथेच पैसे लावायचे.

कडीपाट

बडोद्याच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. आणि यात अजून एक फायदा, एकाच गल्लीत काम असेल तर सुतार आणि गवंडी टिकतात. आज चुन्याचं काम करणारा गवंडी शोधायला मला जिल्हाभर फिरावं लागतं. एका घराच्या कामासाठी घाणी लावून चुना मळणं परवडत नाही, दहा घरांना परवडतं. गूळ, बेलफळाचं पाणी घालून चुना मळून ठेवायचा, मुरू द्यायचा, हे ज्यांच्या हातात आहे ती माणसं साठीच्या पुढे गेलीत. नगरपालिकेने जुनं सागवान साठवायला एक गोदाम जरी दिलं तरी खूप होईल. पाडलेल्या वाड्यांचे खांब आणि तुळया सध्या ट्रकने बाहेर जातात आणि हॉटेलात, फार्महाऊसवर सजावटीला लागतात. ते गावातच दुरुस्तीला मिळायला पाहिजेत.

गिरगावची_सून

भाडेकरूंचं कोणी बोललं नाही. चौसोपी, तुमचे गाळ्यांचे भाडेकरू विरोधात गेले तर काहीच होणार नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं, ते वाढवत आलात का? बऱ्याच घरमालकांनी वाढवलेलंच नसतं. दुरुस्तीसाठी जागा तात्पुरती खाली करून घेता येते पण काम झाल्यावर भाडेकरूला परत घ्यावं लागतं, आणि ते बरोबरच आहे. त्यांच्याशी आधी बोला. चाळीस-पन्नास वर्षं दुकान चालवणाऱ्या माणसाचा पण त्या वाड्यावर जीव असतो. आमच्याकडे एका चाळीत भाडेकरूंनीच वर्गणी काढून जिना दुरुस्त केला होता.

चौसोपी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कळलं नव्हतं. गल्ली मोजली, भरते साडेसहा मीटर. दादाने हिशोब बघितला आणि हरकत नोंदवायचा विषय तूर्त बाजूला ठेवलाय. मोठा चुलत भाऊ अजून तयार नाही पण सूचना सगळ्यांच्या सहीने जाऊ दे म्हणाला, हे पण खूप झालं.

मी कच्चा मसुदा केलाय, थोडक्यात सांगते. यादीतल्या प्रत्येक वास्तूसोबत ती का महत्त्वाची आणि तिच्यातलं काय जपायचं हे अर्ध्या पानात लिहा आणि मालकाला द्या. साधी दुरुस्ती, म्हणजे कौलं चाळणं, कडी बदलणं, त्याच साहित्यात गिलावा, याला परवानगी नको, फक्त कळवायचं. बाकी अर्जाला ठरलेल्या मुदतीत उत्तर नाही आलं तर मंजूर समजायचं. जादा एफएसआय घेणाऱ्याने आधी हेरिटेज टीडीआर घ्यायचा. यादीतल्या घराला घरपट्टीत सूट, पण दुरुस्ती केल्याचं दाखवलं तरच. पेठेतली एक गल्ली निवडून निम्म्या-निम्म्या खर्चाने कामाला सुरुवात. राहत्या वाड्यात खानावळ, वाचनालय, पाहुण्यांच्या खोल्या अशा वापराला मोकळीक. धोकादायक नोटिशीआधी जाणकाराकडून तपासणी. आणि ज्या घरांचं महत्त्व नाही त्यांना उंचीची मर्यादा घालून नवीन बांधू द्या.

काही राहिलं का?

नगररचनेतला_माजी

चांगलं झालंय. एक बदल करा. "उत्तर नाही आलं तर मंजूर समजायचं" हे पाडकामाला लागू होणार नाही असं स्पष्ट लिहा, नाहीतर त्याच वाटेने चांगले वाडे जातील, उत्तर मुद्दाम द्यायचं नाही की झालं. दुरुस्ती आणि बदल एवढ्यापुरतंच ठेवा.

पेठेतला

आणि पेठेतल्या बाकीच्या वाडेवाल्यांना पण हाच कागद द्या, प्रत्येकाने स्वतःच्या सहीने वेगवेगळा द्यायचा. एका कागदावर चाळीस सह्या म्हणजे एक सूचना धरतात.

नगररचनेतला_माजी

हो, हे महत्त्वाचं. आवक-जावकला देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. मुदत संपल्यावर नियोजन समितीसमोर सुनावणी होते, तिचं पत्र येईल. सुनावणीला कोणीतरी गेलंच पाहिजे, न गेलेल्याची सूचना कागदावरच राहते. जाताना वाड्याचे फोटो, गल्लीच्या रुंदीचा नकाशा आणि दुरुस्तीचं एक अंदाजपत्रक घेऊन जा. समितीत बसणाऱ्यांपैकी सगळ्यांनी तुमचा वाडा आतून पाहिलेला नसतो.

कडीपाट

अंदाजपत्रक मी करून देतो, फी नको. मागच्या सोप्याचे आणि कड्यांच्या टोकांचे फोटो निरोपातून पाठवा, शक्यतो भिंतीच्या दोन्ही बाजूंनी, आणि सोप्याचे खण किती आणि एका खणाची लांबी किती तेवढं मोजून कळवा.

चौसोपी

खण सात आहेत. लांबी उद्या सकाळी दादा मोजेल, फोटो आज रात्री पाठवते.